शेवटच्या दुखण्यावरचं नाटक: हसायचं कुणाला?

विंगेतला (नांदेड): राज्य नाट्य स्पर्धेसाठी कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यावर दोन अंकी विनोदी नाटक लिहिता येतं, पण हशा खाटेभोवतीच्या लोकांवर हवा, पेशंटवर नको. घरचे म्हणतात, 'त्यांना कळू देऊ नका', आणि खाटेवरच्याला सगळं कधीच कळलेलं असतं. भेटायला येणारा शहाळं आणतो, कुणाच्या मेव्हण्याला कोणत्या पाल्यानं गुण आला तेही सांगतो. पेशंट म्हणतो, 'बरं, उद्यापासून घेतो.' हे सपाट म्हणायचं. डोळा मिचकावला की नकलांचा कार्यक्रम होतो.

पडदा-दोरी (परभणी): अजिबात पटलं नाही. अशानं गावाकडचा पाहुणा येडा ठरतो आणि खाटेवरचा संत. शहाळंवाला दोन एसट्या बदलून आलाय, त्यानं दुसरं काय आणावं? त्यापेक्षा पेशंट हट्टी करा, वाटणीवरून भावाशी भांडणारा.

गोळ्या-औषधं (लातूर): विनोदाचं नंतर, आधी दुखणं खरं करा. टक्कल दाखवायची घाई असते. केमो सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांनी केस गळतात. ती थांबून काही महिने झाले असतील तर मऊ केस परत आलेले असतात. दुसरं मॉर्फिन, म्हणजे अफूपासून केलेलं, जोराच्या दुखण्यावरचं औषध. रंगमंचावर ते दिलं की माणूस गेलाच! हे पाहून घरचे औषधाला भितात आणि पेशंट कण्हत राहतो. असली औषधं मिळणं सोपं व्हावं म्हणून 1985 चा अंमली पदार्थ कायदा 2014 मध्ये बदलावा लागला. तोंडानं घ्यायचं साधं मॉर्फिन दर चार तासांनी देतात, मात्रा दुखण्याप्रमाणं वाढवतात. बद्धकोष्ठ जवळजवळ ठरलेला, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. विनोद हवाय ना? घरातला सगळ्यात गंभीर प्रश्न 'आज झालं का?' हाच असतो.

विंगेतला: परीक्षक स्वस्त म्हणतील.

गोळ्या-औषधं: मुलानं विचारलं तर म्हणतील. सुनेला विचारायला लावा.

पडदा-दोरी: हे मात्र चालेल. सून पदर सावरत भिंतीकडं बघून विचारते, सासरा छताकडं बघून 'हूं' म्हणतो. कुणीच येडं नाही. फक्त तो 'हूं' शेवटच्या रांगेत पोचला पाहिजे. आजारी माणूस म्हणून नट आवाज बारीक करतात, तिथंच प्रयोग पडतो. आवाज तेवढाच ठेवा, वाक्य तोडा: तीन-चार शब्द, श्वास, पुन्हा तीन शब्द.

विंगेतला: आणि हशा मध्येच आला तर?

पडदा-दोरी: तर श्वास लांबवायचा. हशा उतरणीला लागला की पुढचे तीन शब्द.

विंगेतला: सुनेचा प्रश्न घेतो. शहाळंही ठेवणार.