लागोसचं नॅशनल स्टेडियम: दुरुस्त करायचं की सोडून द्यायचं?

कोपऱ्यातला_गोली

नायजेरियातल्या लागोस शहराच्या सुरुलेरे भागातलं नॅशनल स्टेडियम पुन्हा उभं करावं का? माझं मत आधीच सांगतो: करावं, आणि केंद्र सरकारच्या पैशाने करावं.

१९७० मध्ये बियाफ्राचं युद्ध, म्हणजे नायजेरियातलं यादवी युद्ध, संपलं. तेलाचा पैसा खुळखुळू लागला आणि १९७३ च्या ऑल-आफ्रिका गेम्ससाठी हे मैदान १९७२ मध्ये तयार झालं. १९७७ मध्ये फेस्टॅक या कला महोत्सवाचं उद्घाटन इथेच झालं. २२ मार्च १९८० ला अल्जीरियाला ३-० हरवून नायजेरियाने फुटबॉलचा आपला पहिला आफ्रिका कप उचलला तोही इथेच. दोन गोल ओडेग्बामीचे, एक मुडा लवालचा. १२ ऑगस्ट १९८९ ला अंगोलाविरुद्ध खेळताना नायजेरियाचा सॅम्युएल ओक्वाराजी कोसळला आणि गेला, पंचविशीतला, कायद्याचा पदवीधर. बाहेर त्याचा अर्धपुतळा आहे.

मग राजधानी अबुजाला गेली. २००३ च्या गेम्ससाठी तिथे साठ हजारांचं नवं स्टेडियम बांधलं आणि लागोसच्या मैदानाला वाली उरला नाही. खुर्च्या मोडल्या, रान माजलं, एरिया बॉइजनी, म्हणजे गल्लीतल्या गुंडांच्या टोळ्यांनी, ठाण मांडलं. याला इमारतीचं म्हातारपण म्हणू नका, हा शुद्ध नाकर्तेपणा आहे.

हिशोबनीस

यादी भारी, पण त्यातलं शेवटचं साल १९८९ आहे, हे लक्षात आलं का? आठवणींना गेटवर तिकीट लावता येत नाही.

समोरच तेस्लिम बलोगुन स्टेडियम आहे, सुमारे २४,००० चं, २००७ पासून चालू. लीगच्या सामन्यांना तेवढं रग्गड झालं. नॅशनलची क्षमता मुळात ५५,०००, १९९९ मध्ये ती ४५,००० वर आणली, तरी रोज भरणार कोणाच्या जिवावर? शिवाय मैदानाभोवतीच्या धावण्याच्या ट्रॅकमुळे प्रेक्षक मैदानापासून लांब. पाडा, जागा शाळांना आणि क्लबांना द्या.

पेनल्टी_आत_होती

अहो हिशोबनीस, १३ फेब्रुवारी २००० विसरलात? आफ्रिका कपची फायनल, याच मैदानावर. एटो आणि एमबोमाने कॅमेरूनला २-० पुढे नेलं, आपल्या चुकवू आणि ओकोचाने बरोबरी साधली. पेनल्टी शूटआउटमध्ये आपल्या इक्पेबाचा फटका क्रॉसबारला लागून रेषेच्या आत पडला, पण पंचांना दिसला नाही. ४-३ ने गेलो. निदान तो गोलपोस्ट तरी पाडू नका!

मुक्काम_इकेजा

मी लागोसमध्ये नोकरीला होते, म्हणून थोडं वेगळं सांगते. 'ओसाड पडलंय' हे अर्धंच खरं आहे. आत रान असेल, पण आवारात संध्याकाळी चांगली वर्दळ असायची. सुयाचा (निखाऱ्यावर भाजलेल्या मसालेदार मांसाचा) धूर, तिखट पेपर सूप, मोठ्या आवाजात गाणी. बाजूच्या मोकळ्या जागेत पोरं फुटबॉल खेळायची, धावणारे धावायचे. दुरुस्ती म्हणजे या सगळ्यांना हुसकून चकाचक कुलूपबंद वास्तू करणं असेल, तर नको ती दुरुस्ती. आणि पाडून तिथे खरंच शाळा येईल? सुरुलेरेतल्या जमिनीचे भाव माहीत आहेत ना? टॉवर येतील.

हिशोबनीस

टॉवरचा मुद्दा मान्य. पण सुयाच्या गाड्यांसाठी ४५,००० खुर्च्या लागत नाहीत हो.

कोपऱ्यातला_गोली

तेस्लिम बलोगुनचं उदाहरण देताय, पण त्याचं काम १९८४ मध्ये सुरू होऊन रखडलं आणि उघडायला २००७ उजाडलं. नवीन बांधणं हा स्वस्त मार्ग असतो, असं इथे तरी दिसत नाही.

अबुजाचंच बघा. २०१९ मध्ये दिवंगत नेते मोशूद अबिओलांचं नाव दिलं, पण गवताची दैना झाली ती झालीच. संडे डेअर क्रीडामंत्री असताना मैदानं उद्योगपतींना दत्तक द्यायची वेळ आली: अबुजासाठी डांगोटे, सुरुलेरेसाठी केसिंग्टन अडेबुटू. मार्च २०२२ मध्ये घानाशी १-१ बरोबरी झाली, विश्वचषक हुकला आणि चिडलेले प्रेक्षक मैदानात घुसले. त्यानंतर राष्ट्रीय संघाचे बरेच सामने दक्षिणेतल्या उयो शहरात, २०१४ मध्ये उघडलेल्या मैदानावर. म्हणजे लागोस सोडलं, अबुजा सोडलं, आता उयो. उयोचं गवत वाळलं की पुढे कुठे?

हिशोबनीस

हे तर माझ्याच बाजूचं झालं की! केंद्राला सांभाळता येत नाही, हे तुम्हीच दाखवलंत, आणि पैसा मात्र केंद्रानेच ओतायचा? लागोस राज्य हे मैदान मागत होतं, ते द्यायला हवं होतं. लागोसमधलंच ओनिकानचं जुनं मैदान राज्याने नव्याने उभारलं, सुमारे दहा हजारांचं, मोबोलाजी जॉन्सन अरेना. आटोपशीर आहे आणि वापरात आहे. सुरुलेरेही राज्याला द्या, वरचे स्टँड काढा, वीस-पंचवीस हजारांवर आणा. मग पाडा म्हणणार नाही.

मुक्काम_इकेजा

आणि आवारातले गाळे?

हिशोबनीस

राहू द्या. भाडं मात्र वेळेवर घ्या, गवत त्यातूनच कापलं जाईल.

कोपऱ्यातला_गोली

राज्याला द्यायला माझी हरकत नाही. खुर्च्या कमी करायला आहे. पंचवीस हजारांत आफ्रिका कपची फायनल लागोसला परत येणार नाही, आणि मला ती हवी आहे.