बाखचा १४०वा कंटाटा: कुठली सीडी घेऊ?

केतकीचं_बन: बाबांच्या पंचाहत्तरीची भेट आहे. जन्मभर ख्याल ऐकलेला माणूस, पण ऑर्गनवर वाजणाऱ्या 'वाखेट आउफ' ('जागे व्हा') या चालीने पार वेड लावलंय. ती मुळात जर्मन संगीतकार बाखच्या १४०व्या कंटाटातल्या (चर्चसाठी गायक आणि वाद्यवृंदाची रचना) चौथ्या भागाची, इथवर शोधलं. आता अख्खा कंटाटा हवा. मोबाइलवर ऐकणार नाहीत, सीडीच लागेल. बजेट हजार रुपये. कृपया एकच सुचवा.

मंद्रसप्तक: एकच कशाला? संचालक मासाकी सुझुकींनी ध्वनिमुद्रित केलेले बाखचे कंटाटा घ्या, ५५ खंड. मी एकेक करून सगळे जमवले, घरी अबोला झाला तरी. १४०वा ५२व्या खंडात आहे.

केतकीचं_बन: हजार रुपये हो दादा.

जुना_श्रोता: हार्ननकूर या संचालकाची सीडी. त्यात वरच्या पट्टीत मुलगे गातात. बाखच्या लाइपझिगमध्ये चर्चमध्ये बायका गात नसत. बाकीचे सगळे ऑपेराच करतात.

बेसूर_पण_प्रामाणिक: ती पोरं थंडीत कुडकुडत गातायत असं वाटतं. तिसऱ्या भागात आत्मा विचारतो, कधी येशील? येशू म्हणतो, येतोय. सोप्रानो (उंच आवाज) आणि बास (खर्जातला आवाज), सोबत छोटं व्हायोलिन. चक्क विरहगीत आहे ते. शाळकरी पोराच्या तोंडून कसं पटायचं?

जुना_श्रोता: आत्म्याचा जन्मदाखला बघता का तुम्ही?

नगरवाली: भांडा तुम्ही. आम्हाला संडेस्कूलपासून दहा कुमारींचा दृष्टांत पाठ आहे, बायबलमध्ये मत्तय २५. नवरदेव मध्यरात्री येतो. पाचजणींच्या दिव्यांना तेल असतं, पाचजणींच्या नसतं. त्यावर फिलिप निकोलाई या ल्यूथरपंथी पाळकाने 'वाखेट आउफ' हे गीत रचलं, १५९९ साली छापलं. त्याच्या उन्ना गावात नुकताच प्लेगने कहर केला होता. मग त्या लग्नाच्या आनंदामागे काय आहे ते कळतं. बाखने त्याची तीन कडवी पहिल्या, चौथ्या आणि सातव्या भागात घेतली आणि मध्ये वरवधूचे संवाद घातले. बाबांना एवढं सांगा, मग सीडी कुठलीही चालेल.

पंचांगवाला: शिवाय हा कंटाटा ट्रिनिटीनंतरच्या (ईस्टरनंतर आठ आठवड्यांनी येणारा सण) सत्ताविसाव्या रविवारचा. ईस्टर २६ मार्चपर्यंत आला तरच तो रविवार पडतो. बाख लाइपझिगला असताना दोनदाच पडला, १७३१ आणि १७४२. पहिला प्रयोग २५ नोव्हेंबर १७३१.

मंद्रसप्तक: यात सीडी कुठे आली?

एकेक_गळा: संचालक जोशुआ रिफ्किनची सीडी. कोरसमध्येही सोप्रानो, बास अशा दर आवाजाला एकच गायक. एकदा ऐकलं की बाकीचे कोरस म्हणजे नुसती गर्दी.

जुना_श्रोता: बाखने स्वतः १७३० साली नगरपरिषदेला लिहून जास्त गायक मागितले होते!

एकेक_गळा: ते पत्र कसं वाचायचं यावरच तर सगळा वाद आहे. वेगळा धागा काढा.

कोथरूडचा_कानसेन: आधी स्पीकर बदला. मी दिवाळीत घेतले, किंमत विचारू नका. आता पहिल्या भागातलं हॉर्नसुद्धा सुटं ऐकू येतं.

गप्प_वाचक: संचालक गार्डिनरची १९९०च्या आसपासची सीडी बघा, कंटाटा १४० आणि १४७ एकत्र. १४७मधलं येशूवरचं कोरल (चर्चमधलं स्तोत्रगीत) बाबांनी नक्की ऐकलं असेल. वापरलेली बजेटमध्ये बसावी. घेण्याआधी नेदरलँड्स बाख सोसायटीचे फुकट व्हिडिओ दाखवा, त्यांची आवड कळेल.

नवा_सभासद: गार्डिनर घ्या. १४० आणि १४७ एकाच सीडीवर आहेत.

बेसूर_पण_प्रामाणिक: वर तेच लिहिलंय.

नवा_सभासद: म्हणजे दोन मतं झाली.

केतकीचं_बन: सगळ्यांचे आभार. बाबांना तुम्ही सांगितलेल्यांचे तुकडे ऐकवले. गार्डिनरला म्हणाले, "गाडी सुटत्येय का याची?" मुलग्यांना हात जोडले. शेवटी नेटवर आपोआप संचालक कार्ल रिश्टर लागला. भला मोठा कोरस, आजची वाद्यं, संथ लय. चौथ्या भागात टेनर (उंच पुरुषी आवाज) गायला लागले तसे बाबा मांडीवर हाताने ठेका धरून बसले. "हा विलंबित गातो, हाच आण." वापरलेली सीडी मागवली. बजेटच्या दीडपट गेली.

जुना_श्रोता: रिश्टर! चांगल्या घरात असलं काही आणू नये.

मंद्रसप्तक: सुझुकींचा ५२वा खंड सुटाही मिळतो बरं का. पुढच्या वाढदिवसाला बघा.