दिवेआगरला घर बांधतोय: समुद्राकडची भिंत काचेची करावी का?

पुणेरी_दिवेआगरकर:
नमस्कार मंडळी. दिवेआगरला आजोबांची सात गुंठ्यांची वाडी आहे. माड, पोफळी, मागे विहीर. जुनं घर 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात गेलं, जोतं तेवढं उरलं. आता आम्ही दोघे भाऊ मिळून नवीन बांधतोय. आई-बाबा (बाबांच्या गुडघ्यांनी जवाब दिलाय), आम्ही दोन जोडपी आणि तीन पोरं. आर्किटेक्टने थ्रीडी चित्र पाठवलंय: समुद्राकडे वीस फुटी सरकती काच, आतली फरशी आणि बाहेरचा डेक एका पातळीत, मधे चौक, वर सपाट स्लॅब. वहिनी खूश आहे. आईने चित्र बघून एवढंच विचारलं, "पडवी कुठाय?" घर आतबाहेर मोकळं वाटावं ही सगळ्यांचीच इच्छा आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी सांगा, हे चालेल का?

सर्व्हेवाला:
काचेचं नंतर बघू. आधी भरतीरेषेपासून अंतर मोजून घ्या. ग्रामीण किनाऱ्यावर एरवी 200 मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र असतो. 2019 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत 50 मीटरची सवलत आहे, पण ती दाट वस्तीच्या भागांना, म्हणजे 2011 च्या जनगणनेत चौ.किमी.ला 2161 च्या वर लोकसंख्या असेल तिथे. जुन्या घराची नोंद जपून ठेवा. अधिकृत घर होतं हे दाखवता आलं तर त्याच जोत्याएवढ्या पुनर्बांधणीला वाव असतो.

उमा_श्रीवर्धन:
मी आणि माझा नवरा याच पट्ट्यात घरांची कामं घेतो, म्हणून जरा लांबण लावते.

तुमच्या आईंनी बरोबर बोट ठेवलंय. आपल्याकडे समुद्र पश्चिमेला. दुपारनंतरचं ऊन तिथूनच आणि पाऊसही तिथूनच, तोही आडवा. उघड्या काचेवर हे दोन्ही घेतलंत तर एप्रिलमध्ये पडदे ओढून बसाल आणि जुलैत ताडपत्री बांधाल. मग समुद्र बघायचा कधी, नाताळात?

काच हवी तर ठेवा, पण मागे घ्या. तिच्यापुढे दहा फूट खोल पडवी, छप्पर उतरतं, पागोळ्या सात फुटांवर. खाली बसलं की समुद्र दिसतो, आभाळाचा भगभगाट डोळ्यांवर येत नाही. प्रत्येक मुंबईकर आधी म्हणतो, "थोडं उंच करा ना." एक पावसाळा काढला की परत बोलत नाही.

बाबांसाठी खोली आणि पडवी एका पातळीतच करा. मात्र पडवीला बाहेरच्या बाजूला दहा फुटांत दोन इंच उतार द्या आणि पायरी घ्या ती पडवी संपते तिथे. अंगणात उतरायला बाजूने रॅम्प.

सरकत्या दाराच्या खालच्या पट्टीत वाळू बसते. पोरं पुळणीवरून आली की आठवड्यात दार करकरायला लागतं, मग कोणीतरी लाथ घालतं. वरून टांगलेली दारं घ्या, नाहीतर सरळ लाकडी घडीची. आणि विहिरीपाशी दगडी डोण ठेवा, तिथे पाय धुतल्याशिवाय कोणालाही आत सोडायचं नाही.

बिजागऱ्या, स्क्रू, कड्या 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या. 304 सुद्धा खाऱ्या वाऱ्यात तांबूस डाग धरतं. आरसीसीला एम-30 दर्जाचं काँक्रीट आणि सळीवर 45 मिमी कव्हर (सळीबाहेरचा काँक्रीटचा थर), काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस 456 मध्ये, किनाऱ्यासाठी तेच आहे. गवंडी म्हणेल "कव्हर 25 मिमी बस झालं हो." ऐकू नका.

चौक मात्र मला पटत नाही. चहूबाजूंनी वाडी असताना घराच्या पोटात पाऊस कशाला घ्यायचा?

रेखाचित्र:
उमाताईंशी चौकाबाबत असहमत. मधून हवा वर खेचली गेली तर खोल्या थंड राहतात, फक्त पाणी काढायची वाट मोठी हवी. काचेला पर्याय बघायचा असेल तर अलिबागजवळ नांदगावचं पाल्मायरा हाउस पाहा, बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईचं, 2007 चं. माडांच्या बागेत दोन लांबट लाकडी इमारती आणि बाहेरून ताडाच्या लाकडाच्या आडव्या पट्ट्या. वारा आत येतो, ऊन गाळून येतं.

उमा_श्रीवर्धन:
सुंदरच आहे ते. पण तेवढ्या पट्ट्यांना तेलपाणी करायला गडी लागतो. हे लोक पुण्याला राहणार, घर सहा महिने बंद.

पुणेरी_दिवेआगरकर:
सगळ्यांचे आभार. पडवीवर आई जिंकली. वहिनीची काच मागे गेली, पण राहिली. आता एकच: संध्याकाळी डास. पडवीलाच जाळी मारून टाकावी का?

उमा_श्रीवर्धन:
नको हो, पिंजरा होईल, आणि जाळी खाऱ्या वाऱ्याने धुळकटून दिसायचंही बंद होईल. जाळी फक्त झोपायच्या खोल्यांच्या खिडक्यांना, तीही काढून धुता येईल अशी. पडवीला छताचे दोन पंखे लावा. आणि सुपारीच्या आळ्यांत पाणी तुंबू देऊ नका, अर्धे डास तिथलेच असतात.