नववीतल्या पोरांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावं का?

मास्तरीणबाई:
आमच्या नववीतली कितीतरी पोरं बापाची गाडी घेऊन शाळेत येतात, तीही ट्रिपल सीट. परवा वर्गातच कोर्ट भरवलं. खटला असा: सोळा वर्षांच्या मुलाची गाडी खुरपणीहून परतणाऱ्या बाईला धडकली, तिचा पाय गेला. वकील, साक्षीदार, न्यायाधीश सगळी पोरंच. सरकारी वकील झालेल्या मुलीनं बाप झालेल्याला विचारलं, "चावी कुणी दिली?" पोरानं मान खाली घातली. वर्ग चिडीचूप. आजवर इतकी भाषणं दिली, असं कधी झालं नव्हतं. हे प्रत्येक शाळेत व्हायला हवं.

उसाचा फड:
मॅडम, तळमळ कळते, पण पटत नाही. आमच्या वाडीची सकाळची एसटी बंद झाली, शाळा सात किलोमीटरवर. बाप चावी हौसेनं देत नाही. आणि गाळप सुरू झालं की रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रस्त्यावर, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. माझा चुलतभाऊ अशाच ट्रॉलीवर मागून आदळून गेला. तुमच्या कोर्टात पोरगा आरोपी. ट्रॉलीवाला कुठाय?

वकीलकाका:
ताई, अठरा वर्षांखालच्या मुलाचं असं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, तिथे पिंजरा नसतो. कोर्टाची पायरी चढतो तो बाप. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९९-अ आलं: पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. भरपाई वेगळीच. लायसन्स नव्हतं म्हणून विमा कंपनी ती मालकाकडून वसूल करू शकते. पुढच्या वेळी भरपाईचा दावा चालवा. रान विकायची पाळी कशी येते, ते शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगावं लागत नाही.

उसाचा फड:
काका, बापाला हे कळलं तरी सकाळी सातला पोरगं शाळेत जाणार कसं? मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पण गाडीच येत नसेल तर पास काय करायचा?

मास्तरीणबाई:
दादा, भावाचं वाचून जीव हलला. ट्रॉलीचा मालक आरोपी नंबर दोन करते. आगार व्यवस्थापकालाही साक्षीला बोलावते. पण चावी देणाऱ्या बापाला मी सोडणार नाही, कारण त्या बाईचा पाय एसटी सुरू झाल्यावर परत येत नाही.

उसाचा फड:
नका सोडू. फक्त आगार व्यवस्थापक खराखुरा आणा. वाडीतली माणसं घेऊन मी येतो.