मदत हवी आहे: २५ किमीनंतर मळमळ आणि बोटं सुजतात, मुंबई फुलसाठी लाँग रन कसा करावा? (सातारा)

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्याची, वय ४२, शाळेत नोकरी. जानेवारीतल्या मुंबईच्या फुल मॅरेथॉनला नाव दिलंय, म्हणजे ४२.१९५ किमी, पहिल्यांदाच. आपली सातारा हिल हाफ केलीय, यवतेश्वरचा घाट चढायची-उतरायची सवय आहे त्यामुळे हाफच्या एकवीस किमीची भीती वाटत नाही. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर मुंबईत भारतीय बायकांमध्ये लागोपाठ जिंकत होती तेव्हापासून ती रेस मनात बसलीय, आता मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि पहाटेचा वेळ मोकळा झाला, तर या वर्षी करायचीच.

अडतंय ते लाँग रनला, म्हणजे आठवड्यातल्या लांब पल्ल्याच्या सरावाला. रविवारी पहाटे घाटात न जाता मेढा रोड धरते, मोळाच्या ओढ्यावरून कोंडवे आणि पुढे मेढ्याच्या दिशेने, मग परत. मिस्टर गाडीवर मागे असतात, दर दोन किमीला थांबून पाणी देतात. वीसपर्यंत एकदम मस्त, गप्पा मारत पळता येतं. पंचविसाच्या पुढे मात्र डोकं जड होतं, मळमळतं, आणि बोटं इतकी सुजतात की हातातली बांगडी मनगटावर हलतच नाही, कानशिलावर हात फिरवला तर मिठाची खर लागते. घरी आल्यावर दुपारपर्यंत डोकं ठणकत राहतं, पोळ्या लाटायला उभं राहवत नाही.

सगळे सांगतात पाणी कमी पडतंय, जास्त पी. म्हणून दर वेळी बाटली अर्धी तरी संपवतेच, तरी फरक नाही उलट वाढलंय असं वाटतं. खाणं म्हणाल तर निघताना चहा-केळं आणि वाटेत शेंगदाण्याची चिक्की. जेल (पळताना घ्यायचं साखरेचं घट्ट पाकीट) घेतलं की पोटात ढवळतं.

टारगेट पाच तासांच्या आत, म्हणजे किमीला साधारण सात मिनिटं सहा सेकंद. लाँग रनही त्याच पेसने, म्हणजे वेगाने, करते. आता ३० आणि मग ३२ करायचेत, ते कसे आणि कधी करू? घाटातला सराव चालू ठेवू का? आणि ऊस सुरू झालाय, अंधारात ट्रॉल्या असतात, मेढा रोडला दुसरा काही पर्याय आहे का?

प्रतिसाद १ (सांगली)

ताई, मुंबई फुल केलीय म्हणून लिहितो. पहिलं म्हणजे लाँग रन रेसच्या पेसने करू नका, किमीमागे मिनिटभर तरी हळू, आठच्या आसपास. लाँग रन वेळ मारायला नसतो, तितके तास पायांवर राहायची सवय लागावी म्हणून असतो. ३२ करायचा तो रेसच्या तीन आठवडे आधी, त्यानंतर अंतर कमी कमी करत जायचं, शेवटच्या आठवड्यात काही मोठं करून तयारी वाढत नाही, नुसता थकवा साठतो.

चिक्की बंद करा. शेंगदाण्यात तेल असतं, पळताना पोटाला ते पचवायला जमत नाही. अंगातला साखरेचा साठा दीड-दोन तासांत उतरायला लागतो, म्हणून तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्स (साखर-पिष्ट) जायला हवेत आणि ते भूक लागायच्या आधी, अर्ध्या-पाऊण तासापासून. मध्यम केळ्यात २५ च्या आसपास असतात, साध्या खजुरात पाच-सहा. मी खजूर बिया काढून आणि राजगिऱ्याचा लाडू नेतो, लाडू हरिपूरच्या रस्त्यावर कितीदा तरी खाल्लाय, कधी त्रास नाही. जेल घ्यायचंच तर साध्या पाण्याबरोबर घ्या, एनर्जी ड्रिंकबरोबर घेतलं की साखर दुप्पट होऊन ढवळतंच.

घाट आठवड्यात एकदा ठेवा, छोटा. मुंबईच्या रेसमध्ये पेडर रोडचा चढ परतीच्या शेवटच्या टप्प्यात येतो आणि तिथे लोक चालायला लागतात, तुमची घाटाची सवय तिथे कामाला येईल. पण लाँग रनच्या आदल्या दिवशी घाट उतरू नका, उतारावर मांड्यांवर जो ताण येतो तो दोन दिवस जात नाही.

प्रतिसाद २ (कराड, फिजिओ)

वरचं सगळं बरोबर, पण मला बोटांची सूज जास्त महत्त्वाची वाटते. ताई, सूज, मळमळ, डोकं जड आणि त्यात भरपूर साधं पाणी, ही चिन्हं पाणी कमी पडल्याची असतीलच असं नाही, जास्त झाल्याचीही असू शकतात. घामातून मीठ जातं, वर नुसतं पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. नुसती बोटं सुजणं पुष्कळांना होतं, तेवढ्याने घाबरू नका, पण डोकं दुखणं-मळमळ जोडीला आहे म्हणून म्हणते.

तपासायची सोपी पद्धत: निघायच्या आधी आणि आल्यावर, कपडे बदलून, वजन करा. एखादा किलो कमी भरलं तर ठीक आहे. वजन वाढलं असेल तर पाणी नक्कीच जास्त जातंय. तहान लागेल तेव्हाच प्या. ओआरएस ठेवा पण पाकिटावर लिहिलंय तितक्याच पाण्यात, एक लिटरच्या पाकिटात ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम असतं म्हणजे ते खाण्याच्या जागी चालत नाही.

डोकं ठणकलं म्हणून पळताना किंवा लगेच नंतर दुखण्याची गोळी अजिबात नको, त्यातल्या बऱ्याच किडनीवर ताण आणतात. बीपी आणि किडनीची रक्ततपासणी डॉक्टरांकडून एकदा करून घ्याच. उलट्या किंवा बोलताना गोंधळ झाला तर पाणी न पाजता थेट दवाखाना, हे मिस्टरांना आजच सांगून ठेवा.

प्रतिसाद ३ (सातारा)

ट्रॉल्यांबद्दल. पर्याय शोधलात तरी हंगामात ऊस सगळीकडेच आहे, कोरेगाव रोडलाही आहे. जोड-ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर असेलच याचा भरवसा धरू नका, आणि बाहेर आलेला ऊस अंधारात दिसत नाही. समोरून येणारी गाडी दिसेल असं उजव्या कडेने पळा, डोक्याला दिवा, अंगात चमकणारं जाकीट. मी उजाडेपर्यंतचे दहा-बारा किमी शाहू स्टेडियमच्या आसपास फेऱ्या मारून काढतो आणि दिसायला लागलं की मेढा रोडला लागतो. कंटाळा येतो पण जीव महत्त्वाचा. मुंबईत दमट असतं, इथल्या थंडीत तो अंदाज येत नाही, म्हणून एखादा लाँग रन उशिरा संपेल असा ठेवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पाणी जास्त होतंय हे कुणीच सांगितलं नव्हतं. कराडच्या ताई, तपासणी या आठवड्यातच करते, मिस्टरांना तुमचा प्रतिसाद वाचायला दिलाय. रविवारी ३० आहे, हळू पेस, खजूर आणि राजगिरा, वजनाचे दोन्ही आकडे इथे टाकते. स्टेडियमच्या फेऱ्यांना पहाटे साडेचारला कुणी येणार असेल तर सांगा, बायका असतील तर फारच बरं, उजाडल्यावर कोंडव्यापर्यंत तरी सोबत जाऊ.