बॉर्डर्स आणि ॲमेझॉन

बॉर्डर्स ही अमेरिकेतली पुस्तकांच्या दुकानांची मोठी साखळी ॲमेझॉनने मारली, असं म्हणतात. अर्धंच खरं. २००१ साली बॉर्डर्सने आपली ऑनलाइन विक्री स्वतःहून ॲमेझॉनच्याच हाती सोपवली! स्वतःची वेबसाइट परत सुरू केली ती थेट २००८ मध्ये. तोवर गिऱ्हाइकांना सवय दुसरीकडेच लागलेली. २०११ मध्ये दिवाळं निघालं. बार्न्स अँड नोबल या तिथल्याच दुसऱ्या पुस्तक-साखळीसमोरही तोच ॲमेझॉन होता, ती अजून आहे.

या सगळ्यात मासिकांचं मात्र कुणी बोलत नाही. असल्या दुकानांत नुसती चटपटीत मासिकंच नव्हे, तर विणकाम, रेल्वे, कविता असल्या विषयांची छोटी मासिकंही भिंतभर मांडलेली असत. न खपलेल्या प्रती प्रकाशकाने परत घ्यायच्या, हा तिथला रिवाज. बरेचदा दुकानवाले नुसतं मुखपृष्ठ फाडून पाठवत आणि बाकीचा अंक रद्दीत. म्हणजे पडून राहिलेल्या अंकांचा भुर्दंड शेवटी प्रकाशकावरच. तरीही ती भिंत गेल्यावर छोट्या मासिकांना दुसरी जागा कुठली?