अनुभव धागा: सुपरहिरोंचे सिनेमे बघून बघून तुमचीही ओढ गेली का?

जुळे_सोलापूर: जुनं पाकीट टाकून द्यायला काढलं तर आतल्या कप्प्यात घडी घातलेलं तिकीट निघालं. पार कोरं, छपाई उडालेली. पण मला माहितेय ते कशाचं. एप्रिल २०१९, मार्व्हलचा अ‍ॅव्हेंजर्स एंडगेम. बाहेर आपलं ऊन, आत तीन तास एक मिनिट कुणी हललं नाही. शेवटी नावं संपेपर्यंत बसलो, नेहमीसारखा छोटा सीन असेल म्हणून. सीन नव्हताच. नुसता लोखंडावर हातोडा पडल्याचा आवाज. मित्रानं माझं मनगट धरलं. २००८ च्या आयर्न मॅनमध्ये, या सगळ्याच्या पहिल्या सिनेमात, हिरो टोनी चिलखत बनवायला गुहेत घाव घालत होता, तोच तो आवाज!
परवा पोराला नव्या सिनेमाला नेलं. आकाश फाटून शत्रू उतरत होते आणि मी घड्याळ बघत होतो. आतून फार वाईट वाटलं. तुमचं असं झालंय का? लिहा.

शेंगाचटणी: झालंय की ओ दादा. आयर्न मॅनपासून धरलं तर एंडगेम या साखळीतला बाविसावा सिनेमा होता, म्हणजे अकरा वर्षांत बावीस. पचत होतं. मग एकट्या २०२१ मध्ये मार्व्हलचे चार सिनेमे अन् पाच मालिका! सिनेमा कळायला आधी मालिका बघा. अभ्यासच झाला तो. मी तिथंच सुटलो.

पूर्वभाग_पोरगा: आमच्यात शक्तिमान. रविवारी दुपारी बारा. आजी विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कातरलेली पानं. गंगाधर शक्तिमान व्हायला गोल फिरायला लागला की तिचा हात थांबायचा, अर्धी वळलेली विडी बोटात तशीच. तेलुगूत विचारायची, "वाचला का रे?" आठवड्याला एकच भाग. सोमवारी शाळेत तेच, मंगळवारी तेच. आता अख्खी मालिका एका रात्रीत बघतो, सकाळी काही आठवत नाही.

होटगीरोड_ताई: नळ आला, नंतर लिहिते

शेंगाचटणी: आमच्याकडं कालच येऊन गेला ताई. भरून घ्या, परत कधी येईल सांगता येत नाही

गड्डा_प्रेमी: मला नाही पटत. आपली सिद्धेश्वराची जत्रा, गड्डा, दर संक्रांतीला भरतो, तेच होम मैदान, तेच पाळणे. कंटाळलो का कधी? नंदीध्वज दिसले की अजून काटा येतो अंगावर. सिनेमे जास्त झाले हे कारण नाही, त्यात जीव नाही म्हणा.

पूर्वभाग_पोरगा: अण्णा, गड्डा वर्षातून एकदा असतो. दर महिन्याला भरवला तर?

गड्डा_प्रेमी: हां… हे बरोबर आहे तुझं. आजी कशा आहेत?

पूर्वभाग_पोरगा: गेली, कोरोनात. सूप ठेवलंय अजून.

गड्डा_प्रेमी: 🙏

होटगीरोड_ताई: भरलं पाणी. दादा, तुमचं पोरगं किती वर्षांचं? आमचा आठचा. त्याला यातलं सगळं पहिल्यांदाच आहे. परवा घरी आयर्न मॅन लावला. तो पहिल्यांदा चिलखत घालून उडाला तेव्हा लेकरू गादीवर उभं राहिलं. मी भाकरी थापत होते, पिठाच्या हातानंच बाहेर आले. सिनेमा मी आधी बघितलेला, पण त्या दिवशी त्याच्याकडंच बघत बसले. तव्यावरची करपली.

जुळे_सोलापूर: नऊचा आहे ताई. परवा तोही रमला होता, मीच नव्हतो. आता ठरवलंय, २००८ पासून सुरू करायचं, दर शनिवारी एकच. पुढचा आधी लावायचा नाही, कितीही रडला तरी.

शेंगाचटणी: क्रम पाहिजे का? रात्री टाकतो, आता दुकानात गिऱ्हाईक आहे